साखराबाईचा झिरा नकाशावर का न्हाई

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय काकासाहेब. व्यासपीठावर विराजमान झालेले मोठे साहेब आन् कचेरीतली समदी अधिकारी मंडळी. ज्यांच्यासाठी ही सभा भरली ते सत्कारमूर्ती अप्पाराव दाभाडे साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या गिरिजाबाई. समोरचे कर्मचारी बंधू, आयाबहिणी, आन् खुर्ची मिळाली न्हाई म्हणून दाराशी उभे राह्यलेले लोक, तुम्हा सर्वांना माझा नम्र नमस्कार.

एवढं गावच्या मास्तरकडून लिहून आणल्तं. कागद आता खिशात ठेवतो. पुढचं माझं मी बोलतो.

हा माईक जरा खाली करा हो कोणी. मी काय झाडावर चढून बोलू? हां. बराबर. आन् हा पाण्याचा गिलास इथून उचला. न्हाई न्हाई, राग न्हाई. तहान न्हाई मला. उचला.

काकासाहेब, तुम्ही पाच मिनिटं दिलीत. मला जास्ती लागतील. आधीचे सहा जण बोलले, त्यांनी एकच गोष्ट सहा वेळा सांगितली, त्यांना तुम्ही टोकलं न्हाई. मला टोकू नका. माझी साडेपाचची गाडी है, मलाच जल्दी है.

मी मल्हारी सटवाजी शिंगाडे. वय पासष्ट असंल, सत्तर असंल. तिसरी पास. आम्ही मेंढरंवाले. अंबड तालुक्यात खापऱ्या माळ म्हणून एक उजाड माळ है, तीर्थपुरीच्या बाजारापास्नं चार कोस. तिथं आमची अकरा घराची वस्ती होती. होती म्हणतोय, ध्यानात घ्या. हा माणूस इथं जालन्यात, या मस्तगडात, नोकरदारांच्या सभेत कशाला आला, असं पुढच्या रांगेतले दोघं कवापास्नं कुजबुजून राह्यलेत. सांगतो.

मला बोलावणं अप्पाराव साहेबांनी धाडलं. त्यांच्या हातचं कार्ड आलं. छापलेल्या मजकुराखाली शाईनं लिहिल्तं, 'यावं. खरं बोलणार असाल तर उभं राहावं. नाहीतर जेवून जावं.' दुसऱ्या कोणाला असं कार्ड आलं का? न्हाई आलं. मला आलं.

आता मोठे साहेब आत्ताच म्हणले, चांगलं बोलले, मी नाव ठेवत न्हाई. म्हणले, छत्तीस वर्षांच्या नोकरीत ती एक चूक सोडली तर दाभाडेंचं काम धुतल्या तांदळासारखं है. सभेनं टाळ्या वाजवल्या. गिरिजाबाईंनी मान खाली घातली. ते तुम्ही पाह्यलं का? मी पाह्यलं. आन् तिकडं बायांच्या तिसऱ्या रांगेत, खांबाला टेकून, हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी बसली है, तिनं माझ्याकडं पाह्यलं. ती बायनाबाई, माझी मंडळी. सकाळी घरातनं निघताना मला म्हणली, "आज न्हाई बोलला तर माझ्या हातची भाकर तुला बंद." चाळीस वर्षांत तिनं शब्द मोडलेला न्हाई, तर म्या म्हणलं बोलावंच.

ती एक चूक. त्या चुकीवर मी बोलायला उभा राह्यलो. हारतुरे तुमचे चालू द्या मागून.

बहात्तरचा दुष्काळ सगळ्यांना ठावा है, त्याचं रडगाणं गात न्हाई. त्याच्या पुढच्या चैतात सरकारनं ठरवलं का कुठं कुठं पाणी है त्याचा नकाशा करायचा. विहीर, आड, बारव, झरा, जे असंल ते. पाणी दिसलं का नकाशावर निळा ठिपका, आन् ठिपक्याशेजारी वस्तीचं नाव. मोजणीदार म्हणून अप्पाराव साहेब आमच्या माळावर आले. संगं दोन खलाशी, म्हणजे मोजणीचं सामान वाहणारे गडी, एक तिपाई, तिच्यावर पाट, दुर्बीण, लाल-पांढऱ्या झेंड्या, आन् गळ्यात पाण्याची छागळ.

आमच्याकडं तवर असला माणूस एकच आल्ता. निजामाच्या अमलात एक मुन्शी घोड्यावर बसून आला, माझ्या बापाला विचारून उर्दूत काय काय लिहून घेतलं, माळ तुमच्या चराईचा म्हणला, एक कागद दिला. तो कागद पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत घरासंगं जळाला. तेव्हापास्नं माळ कागदावर सरकारचा, आन् चालण्यात आमचा. चार पिढ्या मेंढरं तिथं. कोणी हटकलं न्हाई, कारण त्या उन्हात तिथं येतंय कोण?

आन् चार पिढ्या कशावर राह्यलो? झिऱ्यावर. माळाच्या उगवतीला एक कपार है, तिच्या पोटात हातभर रुंद झिरा. माझ्या पंजीनं हुडकला, साखराबाईनं, म्हणून साखराबाईचा झिरा. बहात्तर सालात गोदेकाठच्या गावांच्या विहिरी तळाला गेल्या, तीर्थपुरीत लोक घागरी घेऊन भांडले, पण साखराबाईचा झिरा करंगळीएवढ्या धारेनं चालू होता. अकरा घरं आन् तीनशे मेंढरं त्यावर जगली.

आमच्यात एक रीत होती. परक्याचा कळप माळावर आला का झिरा झाकायचा. दुसऱ्याचे हजार जितराब एका दिवसात झिरा उपसून जातात, मंग आपण काय प्यायचं? म्हणून कपारीच्या तोंडावर घालायला एक सपाट शिळा ठेवलेली असायची. चौघांनी लोटायची, वरून बाभळीच्या फांद्या टाकायच्या. कळप गेला का शिळा काढायची. यात वाईट काय? काहीच न्हाई. जनावरासाठी केलेली रीत.

पहिल्या दिवशी साहेब आले तर आम्ही मान दिला. घोंगडी टाकली. बायनानं पितळेच्या पेल्यात दूध दिलं. मी 'साहेब, साहेब' करून त्यांच्या झेंड्या धरल्या. दुपारला त्यांनी पेटी उघडली, नकाशाचे कागद काढायला. पेटीच्या झाकणाला आतून बाबासाहेबांची तसबीर डकवलेली.

मी पाह्यली. त्यांनीबी मला पाहताना पाह्यलं. झाकण लावलं न्हाई. तसंच उघडं ठेवून कागद काढत राह्यले.

आता सभेत हे बोलायचं असतं का न्हाई, मला ठावं न्हाई. काकासाहेब खुर्चीत चुळबुळ करून राह्यलेत. बोलतो मी. आज न्हाई तर कवा बोलणार? संध्याकाळी आमच्या पाच जाणत्यांची बैठक झाली. त्यांनी दूध प्यालेला पेला बायनानं विस्तवात घातला, लाल होस्तोर. मी तो पेला निवताना पाहत होतो. पाच जणात पहिलं तोंड मी उघडलं. म्हणलं, "उद्या हा झिरा मोजायला कपारीत उतरंल. हात घालंल. मंग आपण काय करायचं?"

राधाकिसन माझा चुलत भाऊ. तो म्हणला, "सरकारी माणूस है, बा. त्याला लिहू दे ना. आपलंच नाव लागंल नकाशावर."

म्या म्हणलं, "नाव लागून काय चाटायचंय? पाणी बाटलं तर?"

"मेंढरं तोंड घालतात तवा न्हाई बाटत?"

"तू गप."

माझ्या शब्दापुढं कोणी गेलं न्हाई. मी वस्तीत मोठा, तिसरी पास, सही करणारा. दिवस उगवायच्या आत चौघांनी शिळा लोटली. बायनानं फांद्या टाकल्या. कळपासाठीचं झाकण आम्ही माणसासाठी घातलं. एका तहानलेल्या माणसासाठी, चैताच्या उन्हात.

दुसऱ्या दिवसापास्नं मी त्यांना साहेब म्हणणं सोडलं. 'अहो'बी न्हाई, 'अरे'बी न्हाई. नुसतं 'हिकडं', 'तिकडं', 'तो दगड', 'ती खूण'. माणसाला काहीच न म्हणता तीन दिवस बोलता येतं बरं का. मी बोललो.

ते विचारायचे, "मल्हारराव, वस्ती पाणी कुठून आणते?"

"लांबून."

"लांबून म्हणजे?"

"लई लांबून."

त्यांची छागळ दुपारपर्यंत रिकामी व्हायची. खलाशी खालच्या गावावरून भरून आणायचा तर संध्याकाळ व्हायची. तिसऱ्या दिवशी साहेबांना ऊन लागलं. लिंबाच्या तुटक्या सावलीत आडवे झाले, ओठाला पापुद्रे आलेले. त्या लिंबापास्नं कपार किती? शंभर कदम. मी नंतर मोजले, सावकाश, ते चाकरीत कदम मोजायचे तसे. शंभरालाबी चार कमी.

बायना मला कोपऱ्यात ओढून म्हणली, "अरे, मरंल तो इथं. शिळा काढ."

म्या म्हणलं, "न्हाई मरत."

"तुझ्या घशाला कोरड पडंल एक दिवस, तवा बघ."

"पडंल तवा पडंल."

बरोबर ना गं? असंच म्हणलीस ना? हां. मान हलवली बघा तिनं.

साहेब मेले न्हाईत. खलाशी पळत गेला, पाणी घेऊन आला. चौथ्या दिवशी ते उठले आन् काम पुरं केलं. कसलं काम ते! प्रत्येक दगड, प्रत्येक घळ, चढ-उतार, सगळं कागदावर. मला एकेक दाखवत होते, हा तुमच्या खंडोबाचा चौथरा, ही पायवाट. मी बघून राह्यलो होतो का माळ त्यांना मला कळतो त्याच्याहून जास्ती कळलाय. आन् फिरत फिरत ते कपारीशी आले. फांद्यांवर मोहळाच्या माश्या बसल्या होत्या. चैतात, भर दुपारी, वाळल्या बाभळीवर. तुम्ही शहरातले, तुम्हाला त्यात काय दिसणार? मेंढरंवाल्याला दिसतं. मोजणीदाराला बी दिसतं.

त्यांनी टोपी काढली. थोडा वेळ माश्यांकडं पाहत राह्यले. मंग म्हणले, "मल्हारराव, या माश्या कशासाठी येतात?"

"माश्याच त्या. येतात."

"पाण्याशिवाय येत नाहीत."

मी खांद्यावरची घोंगडी सारखी केली.

ते म्हणले, "हे बघा. मी मोजणीदार आहे. लोकांच्या घरात शिरून मी हंडे उचकटत नाही. तुम्ही दाखवा, मी ठिपका देतो. ठिपका दिला तर वस्तीचं नाव लागेल, माळावर तुमचा वावर आहे हे लागेल. नाही दाखवलं, तर ही जागा कागदावर रिकामी. समजून सांगा. पाणी आहे?"

"पाणी न्हाई."

"नक्की?"

"न्हाई म्हणलं ना एकदा."

"मग पंच म्हणून सही करा."

मी केली. अंगठा न्हाई, सही. मल्हारी सटवाजी शिंगाडे, पुरं नाव, मोडक्या अक्षरात. सरकारी कागदावर माझी पहिली सही. तेव्हा मला जरा बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. सही करता येते याचं बरं वाटलं.

ते गेले. आम्ही शिळा काढली. गार पाणी प्यालो. राधाकिसन प्याला न्हाई, उठून गेला.

काकासाहेब, ते घड्याळ खाली ठेवा. अर्धं झालं.

अडीच वर्षं काही झालं न्हाई. पंच्याहत्तरच्या दिवाळीनंतर माळावर दुसरी माणसं आली. त्यांच्याकडं झेंड्या नव्हत्या, खुंट्या होत्या. खडीची खाण निघणार म्हणले. कोणत्या ठेकेदाराची, ते नाव घेत न्हाई, तो मेला, त्याची पोरं भली है. कपारीच्या डोक्यावर खुंटी ठोकली त्यांनी. म्या म्हणलं, "अरे, इथं पाणी है, वस्ती है." त्यातला एक नकाशा उघडून म्हणला, "दाखव कुठं है."

मी नकाशा पाह्यला. माझा सगळा माळ त्यात होता. खंडोबाचा चौथरा होता. पायवाट होती. घळ होती. लिंबाचं झाड बी होतं. कपारीच्या जागी कोरा कागद. आन् आमची अकरा घरं, कोरा कागद. त्यावर लिहिलेलं, पडीक, वापर नाही.

आम्ही कचेरीत धावलो. तिथल्या तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं, पाण्याच्या जागेजवळ सुरुंग लावता येत न्हाई, नियमच है. निळा ठिपका असता तर खाण तिथं निघालीच नसती. पण ठिपका न्हाई. आन् त्यांनी वही काढून माझ्यापुढं धरली. "ही सही तुमचीच ना?"

म्या म्हणलं, हो.

त्यांनी अप्पाराव साहेबांना बोलावून घेतलं, चौकशीला. एका टेबलाच्या अल्याड मी, पल्याड ते. पावणेतीन वर्षांनी तोंड पाहत होतो. चौकशीवाल्या साहेबांनी विचारलं, "शिंगाडे, तुम्ही मोजणीदाराला पाणी दाखवलं होतं का नाही?"

मी तेव्हा काय बोललो ते सांगायलाच आज इथं उभा है. बाकी समदं तुम्हाला दुसरं कोणी बी सांगितलं असतं.

मी म्हणलं, "दाखवलं होतं. त्यांनीच लिहिलं न्हाई. मला वाचता येत न्हाई बराबर, त्यांनी म्हणलं सही कर, म्या केली."

बायांनो, चुकचुकू नका. ऐका. मला वाटलं, असं म्हणलं तर झिरा वाचंल. आन् दुसरं, खरं बोललो असतो तर का झाकला ते सांगावं लागलं असतं. ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं. जे करताना लाज वाटली न्हाई ते सांगताना वाटली.

त्या साहेबांनी यांना विचारलं, "दाभाडे, खरं आहे?"

यांनी माझ्याकडं पाह्यलं. मंग म्हणले, "हो साहेब. दाखवलं होतं. नोंद माझ्याकडून राहिली. चूक माझी आहे. फेरमोजणीचा हुकूम द्यावा, लवकर द्यावा."

झालं. ती तुमची एक चूक. ती यांच्या नोकरीच्या कागदात चढली. बढती थांबली. ज्या माणसानं या मुलखातला दगड न् दगड मोजला, त्याला माळावरून काढून आतल्या खोलीत बसवलं, जुने नकाशे झटकायला. साडेतीन वर्षं. तुम्ही समदे त्याच कचेरीत होता. तुमच्यातल्या किती जणांनी त्यांना विचारलं, का दाभाडे, काय झालं? आन् किती जण पाठीमागं म्हणले, यांच्यातल्या लोकांना काम दिलं का असंच होतं? हात वर करू नका. मला नको है. तुमचं तुम्ही बघा, माझं मी बघून राह्यलो.

आन् झिरा? फेरमोजणीचा हुकूम आठ महिन्यांनी निघाला. सुरुंग चौथ्या महिन्यातच लागला. शिमग्याच्या आठ दिवस आधी. मी चौथऱ्यापाशी उभा होतो. आवाज झाला, धुरळा बसला, मी कपारीत उतरलो. पाणी तांबडं झालेलं. दुसऱ्या दिवशी धार बारीक. तिसऱ्या दिवशी ओल. मंग ओलबी गेली. पाणी कुठं गेलं? जमिनीत कुठं तरी फिरलं असंल. पाण्याला कोणी पंच करत न्हाई.

हुकूम घेऊन जो मोजणीदार आला तो दुसराच होता. त्यानं कपार पाह्यली, वही काढली, लिहिलं, पाणी नाही. ह्या वक्ताला ते खरं होतं. मला म्हणला, सही करा. मी अंगठा दिला.

अकरा घरांपैकी आता दोन है. राधाकिसन मेंढरं विकून नेवाशाकडं ऊसतोडीला गेला, तिकडंच राह्यला. जाताना मला भेटलाबी न्हाई. बाकीचे कोणी जालन्यात हमाली करतंय, कोणी कुठं. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी खालच्या गावात दुसऱ्याच्या गोठ्याशेजारी राहतो. पाणी सरकारी आडावरून. आडावर तिथल्या बाया बायनाला म्हणतात, "थांब, आमचं होऊ दे, मंग तू भर." ती थांबते. घरी येऊन मला काही म्हणत न्हाई. हंडा ठेवते नुसता, जरा जोरात.

मागल्या साली मी मस्तगडात यांच्या घरी गेल्तो. पत्ता विचारत विचारत. गिरिजाबाईंनी दार उघडलं. साहेब आत खाटेवर पेपर वाचत होते. मला पाह्यलं, 'या' म्हणले न्हाई, 'बसा' म्हणले न्हाई. मी उंबऱ्याशी उभा. म्या म्हणलं, "मी खोटं बोललो होतो."

ते म्हणले, "मला माहीत नाही असं वाटलं तुम्हाला?"

उठले, कपाटातून एक छोटी वही काढली, त्यांच्या हातची, त्या चैतातली. पान उघडून माझ्या हातात दिली. मी अक्षर लावत लावत वाचलं. कपारीचं बारकं चित्र काढलेलं, त्यावर शिसपेन्सिलीनं एक ठिपका, आन् खाली लिहिलं होतं, 'माशा आहेत. पाणी असावं. शिळा ताजी हलवलेली. वस्तीवाले नाही म्हणतात. कारण मी.'

दोनच शब्द. कारण मी.

म्या म्हणलं, "साहेब, ही वही तुम्ही चौकशीत दाखवली का न्हाई? सुटला असता तुम्ही."

"मी सुटलो असतो. तुम्ही खोटे ठरला असतात. खोट्या माणसाच्या सांगण्यावरून फेरमोजणी कोण देतं? चूक माझी म्हटली तरच हुकूम निघणार होता. मला झिरा नकाशावर घ्यायचा होता, शिंगाडे. तुम्हाला वाचवायला मी काही केलं नाही. गैरसमज करून घेऊ नका."

म्या म्हणलं, "मला माफ करा."

ते म्हणले, "नाही."

असं सरळ. "नाही. मी माफ केलेलं नाही. ते ध्यानात ठेवून जा." आन् मंग गिरिजाबाईंना म्हणले, "यांना पाणी दे. उन्हातून आलेत."

गिरिजाबाईंनी तांब्या आणला. मी प्यालो. उभ्यानंच. दोन तांबे. माझ्या गळ्याचा आवाज त्या खोलीत ऐकू येत होता.

म्हणून तो गिलास उचलायला लावला मगाशी. तुमच्यासमोर यांच्या शेजारचं पाणी प्यायचं, मंग तुम्ही टाळ्या वाजवायच्या, फोटो काढायचा, म्हाताऱ्याचं मन बदललं म्हणायचं. ते मला नको है. माझं मन बदलून कोणाला काय मिळालं? झिरा आला का? ह्यांची साडेतीन वर्षं आली का?

आता जल्दी करतो. मोठे साहेब, तुमच्यासाठी एक कागद आणलाय. हार न्हाई, शाल न्हाई, ते सोंग मला जमत न्हाई. कागद मास्तरनं लिहिला, पण सांगितला मी. वाचून दाखवतो, बारका है.

'खापऱ्या माळावर साखराबाईचा झिरा होता. मोजणीदार अप्पाराव दाभाडे आले तवा आम्ही तो शिळा घालून झाकला. ते बौद्ध म्हणून झाकला. त्यांना दाखवला न्हाई. पाणी न्हाई असं मी सांगितलं आन् सही केली. चौकशीत मी खोटं बोललो. मोजणीदाराची चूक बिलकुल न्हाई. जी शिक्षा असंल ती मी भोगतो.'

खाली माझी सही है. तिच्या शेजारी बायनाचा अंगठा. तिला म्या म्हणलं, तू कशाला, तू तर शिळा काढ म्हणत होतीस. तर म्हणली, "फांद्या कोणी टाकल्या? पेला विस्तवात कोणी घातला?" आन् शाईत बोट बुडवलं.

मोठे साहेब, हा कागद यांच्या नोकरीच्या कागदाला लावा. उद्या न्हाई, आज. यांचा आज शेवटचा दिवस है. उद्यापास्नं हे तुमचे कर्मचारी न्हाईत, मंग तुम्ही म्हणाल आता फाईल बंद झाली. मला तुमच्या फाईली ठाव्या है, आठ महिने मी त्यांच्या दारात बसून काढलेत. त्या चुकीवर काट मारा. लाल शाईनं मारा, निळ्यानं मारा. निळा ठिपका तर आता मारता येत न्हाई कुठं.

तुम्ही कागद हातात घेतलात. बरं झालं. खिशात न्हाई, टेबलावर ठेवा. समद्यांना दिसू द्या.

आता आभार. रीत है, करतो. काकासाहेबांनी घड्याळ खाली ठेवलं, त्यांचे आभार. मोठे साहेब खुर्ची सोडून उठून गेले न्हाईत, त्यांचे आभार. माईकवाल्याचे आभार. चहा दिला त्याचे आभार. गिरिजाबाईंनी त्या दिवशी तांब्या दिला, त्याचे आभार मानायची माझी लायकी न्हाई, म्हणून मानत न्हाई.

अप्पाराव साहेब. मी तुम्हाला साहेब म्हणणं माळावर दुसऱ्याच दिवशी सोडलं होतं. आज सभेपुढं परत म्हणतो, आन् आता मरेस्तोर तेच. तुमच्याकडं मागायला काही आलो न्हाई. तुम्ही न्हाई म्हणलात ते बराबर होतं. ती वही मात्र नीट जपा. साखराबाईचा झिरा आता साऱ्या जगात त्या एका पानावरच है, शिसपेन्सिलीचा. पाणी लागू देऊ नका त्याला.

माझ्या बोलण्यात तुम्हा सभेला काही वावगं वाटलं असंल, शब्द कमी-जास्ती झाला असंल, तर तेवढ्यापुरतं पदरात घ्या, अडाणी माणूस है. तेवढ्याचीच माफी मागतोय. बाकीची मागत न्हाई.

टाळ्या नकोत. ए, मागं कोण वाजवतंय? थांबवा ते.

चल गं बायने. साडेपाचची गाडी सुटंल.